हवामान खात्यातला मास्तर : रुचीराम साहनी

बी.एड.साठी मी पुण्यात होतो तेव्हाची गोष्ट. शिवाजीनगरकडे जाणाऱ्या बसमध्ये कंडक्टरने हाक दिली, "शिमला ऑफिस, शिमला ऑफिस!" मी गावाकडून नवा आलेला. मला वाटले, इथे शिमल्याला सहली नेणारी एखादी कंपनी असेल. शेजारच्या आजोबांना विचारले तर ते हसले. म्हणाले, "अहो, वेधशाळा ती. हवामान खातं. शिमल्याहून आलं म्हणून शिमला ऑफिस."

नंतर वाचले तेव्हा कळले की आजोबांचे बरोबर होते. भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले. त्याचे मुख्य कार्यालय आधी कलकत्त्याला होते. १९०५ मध्ये ते शिमल्याला गेले, १९२८ मध्ये पुण्याला आले आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेले. पुण्यातली दगडी इमारत आणि चौकाचे नाव मात्र मागे राहिले. आजही हजारो पुणेकर रोज शिमल्याचे नाव घेतात आणि त्यांच्या मनात हिमालय येत नाही.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे शब्दांच्या मागे लागण्याची सवय आहे. आपण रोज म्हणतो ते "हवामानाचा अंदाज" हे शब्द घ्या. यातली हवा अरबीतून आली, मान संस्कृतातून आणि अंदाज फारसीतून. मोसमी पावसातला मोसम म्हणजे अरबीतला मौसिम. मौसिम म्हणजे ठरलेला काळ, हंगाम. अरब नाखुदा कोणत्या हंगामात कोणत्या वाऱ्यावर गलबत हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लावायचे याची गणिते बाळगून असत. पंधराव्या शतकातल्या इब्न माजिद या दर्यावर्दीने या वाऱ्यांवर आणि प्रवासाच्या तारखांवर ग्रंथच लिहिला. हाच मौसिम पोर्तुगिजांच्या तोंडून फिरत इंग्रजीत मान्सून झाला आणि परत आपल्याकडे आला. म्हणजे हवामानशास्त्र हे परक्यांचे, आपले नव्हे, असे म्हणायला आपल्या भाषाच तयार नाहीत.

तरी आपण तसे म्हणतो. माझ्या वर्गातली मुले म्हणतात, त्यांचे पालक म्हणतात, आणि एकदा मीही म्हणालो होतो. ते शेवटी सांगेन. आधी ज्या माणसामुळे मला माझी चूक उमगली त्याची ओळख करून देतो.

रुचीराम साहनी यांचा जन्म ५ एप्रिल १८६३ रोजी सिंधू नदीकाठच्या डेरा इस्माईल खान या गावी झाला. हे गाव आज पाकिस्तानात आहे. घर व्यापाऱ्याचे. पण वडिलांचा धंदा बुडाला आणि मुलाच्या शिक्षणाचे आपले आपण बघायची वेळ आली. पुस्तकांचे गाठोडे पाठीवर घेऊन हा मुलगा शाळेसाठी डेरा इस्माईल खानहून झंगपर्यंत, म्हणजे सुमारे दीडशे मैल, पायी गेला, अशी आठवण साहनी घराण्यात सांगितली जाते. पुढे शिष्यवृत्त्यांच्या बळावर तो लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात पोहोचला आणि १८८४ मध्ये बी.ए. झाला.

जानेवारी १८८५ मध्ये त्यांना नोकरी लागली ती हवामान खात्यात. तेव्हा या खात्याला जेमतेम दहा वर्षे झाली होती. ते सुरू होण्याची कारणे दुःखाची होती. १८६४ मध्ये कलकत्त्यावर भयंकर चक्रीवादळ आले. १८६६ आणि १८७१ मध्ये पावसाने दगा दिला. खाते स्थापन झाल्यावर लगेच १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. आपल्या दख्खनमधल्या जुन्या घरांतून त्याच्या गोष्टी आजी-आजोबांनी ऐकलेल्या असत. पाऊस कधी येईल आणि किती येईल, हे आधी कळले तर निदान धान्याची सोय करता येईल, हा सरकारपुढचा प्रश्न होता.

खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड. हिमालयावर हिवाळ्यात आणि वसंतात बर्फ जास्त पडला तर पुढचा पाऊस कमी पडतो, असे त्यांना नोंदींवरून दिसले होते. त्या आधारावर १८८२ पासून त्यांनी प्रायोगिक अंदाज बांधले आणि १८८६ च्या जूनमध्ये मान्सूनचा पहिला रीतसर अंदाज जाहीर केला. रुचीराम या खात्यात होते ते नेमके याच दिवसांत. आज मे महिन्यात टीव्हीवर "यंदा पाऊस सरासरीइतका" असे सांगतात त्या प्रथेचा पाळणा हलत होता तेव्हा हा बावीस-तेवीस वर्षांचा पंजाबी तरुण तिथे टेबलाशी बसलेला होता.

हुद्दा होता सेकंड असिस्टंट रिपोर्टरचा. खात्यात अधिकारीपदावर नेमलेले ते पहिले भारतीय मानले जातात. हिवाळ्यात कलकत्ता, उन्हाळ्यात शिमला. कलकत्त्यात असताना त्यांनी प्रेसिडेन्सी कॉलेजात पुढचे शिक्षणही चालू ठेवले. त्या काळात एखाद्या भारतीयाने अशा खुर्चीवर बसणे केवढे अवघड होते ते एका गोष्टीवरून समजेल. खात्याला पहिला भारतीय महासंचालक मिळायला १९४४ साल उजाडले. एस. के. बॅनर्जी हे त्यांचे नाव. रुचीरामांच्या नेमणुकीनंतर तब्बल ५९ वर्षांनी!

काम काय असे? देशभरच्या केंद्रांवरून सकाळच्या नोंदी तारेने येत. हवेचा दाब, तापमान, वाऱ्याची दिशा, पाऊस. हे आकडे नकाशावर मांडायचे, सारख्या दाबाची ठिकाणे रेषेने जोडायची आणि त्या रेषांच्या आकारावरून पुढे काय होईल ते ताडायचे. कुठल्याशा बंदरातल्या निरीक्षकाने पारा नीट वाचला नाही किंवा तार वेळेवर पाठवली नाही, तर नकाशात तेवढे भोक राहते. त्या भोकातूनच वादळ आत येऊ शकते.

रुचीराम नोकरीला लागले त्याच वर्षी, २२ सप्टेंबर १८८५ रोजी, ओडिशाच्या किनाऱ्यावर फॉल्स पॉइंट येथे एक प्रचंड चक्रीवादळ धडकले. तिथल्या दीपगृहातल्या दाबमापकाचा पारा २७.१३५ इंचांपर्यंत खाली आला. समुद्रसपाटीला तो एरवी तीस इंचांच्या आसपास असतो. समुद्र आत शिरला, हजारो माणसे गेली. तरीही दीपगृहात कुणीतरी त्या अवस्थेत पारा वाचून लिहून ठेवला. म्हणून आज १४० वर्षांनंतरही त्या वादळाचा जोर आपल्याला आकड्यांत सांगता येतो. त्या माणसाचे नाव इतिहासाच्या पुस्तकात नसते. पण नकाशा अशाच माणसांच्या भरवशावर उभा असतो.

हवामान खात्यातली ही नोकरी रुचीरामांनी फार दिवस केली नाही. १८८७ मध्ये ते लाहोरला परतले आणि आपल्याच जुन्या कॉलेजात रसायनशास्त्राचे सहायक प्राध्यापक झाले. पुढची तीसेक वर्षे त्यांनी तिथे शिकवले आणि १९१८ मध्ये ते निवृत्त झाले. त्या काळी शिक्षण खात्यातही दोन पंगती होत्या. वरच्या जागा गोऱ्या प्राध्यापकांच्या, खालच्या आपल्या लोकांच्या. रुचीरामांची उभी नोकरी या खालच्या पंगतीत गेली. पण मला त्यांच्याबद्दल लिहावेसे वाटते ते नोकरीमुळे नाही. नोकरीचे तास संपल्यावर ते जे करत, त्यामुळे.

लाहोरच्या त्याच कॉलेजात जे. कॅम्पबेल ओमन नावाचे प्राध्यापक होते. १८८५ मध्ये पंजाब सायन्स इन्स्टिट्यूट ही संस्था सुरू झाली ती त्यांच्या पुढाकाराने. रुचीराम तिचे चिटणीस झाले आणि पुढे तिचा सगळा भार त्यांच्याच खांद्यावर आला. संस्थेचे काम एकच, विज्ञान कॉलेजच्या बाहेर काढायचे. लाहोरच्या सभागृहांत, मग पंजाबातल्या लहान शहरांत आणि गावांत व्याख्याने सुरू झाली. व्याख्यान कोरडे नसे. समोर प्रयोग करून दाखवत. जादूच्या कंदिलाने पडद्यावर चित्रे दाखवत. तिकीटही असे, अगदी किरकोळ. मला हे विशेष वाटते. दिवसभर तागडी धरून बसलेला दुकानदार संध्याकाळी गल्ल्यातले पैसे मोजून देऊन रसायनशास्त्र ऐकायला येत होता.

विषय काय होते बघा. साबण कसा बनतो. विजेने धातूवर मुलामा कसा चढवतात. स्वच्छ हवा आणि दूषित हवा. पंजाब आणि त्याच्या नद्या. १८८० च्या आधी लाहोरकर कोणते पाणी पीत होते. खेळणी आणि त्यांतून मिळणारे शिक्षण. या यादीत एकही विषय असा नाही की ऐकणाऱ्याने म्हणावे, "मला याचं काय?" विहिरीचे पाणी सगळेच पीत होते, हिंदू, मुसलमान, शीख. त्यातल्या रोगजंतूंनी कुणाचा धर्म विचारला नव्हता. पाचशेच्या वर व्याख्याने रुचीरामांनी दिली असे सांगतात.

आता भाषेचा मुद्दा. इथे मी, उर्दूचा मास्तर, जरा अडखळतो. पंजाबात तेव्हा खालच्या कचेऱ्यांची आणि शाळांची भाषा उर्दू होती. शिकलेला माणूस उर्दूत लिही, इंग्रजीत भाषण करी. पंजाबी ही घरातली, बाजारातली बोली. तिच्यात विज्ञान सांगता येईल यावर शिकलेल्यांचा विश्वास नव्हता. रुचीरामांनी व्याख्याने दिली ती पंजाबीत. ऑक्सिजनला ऑक्सिजनच म्हणायचे, पण तो काय करतो ते आईच्या भाषेत सांगायचे, एवढी साधी त्यांची रीत. लोकांना समजले, लोक परत आले आणि शंका आपोआप मिटली.

यात उर्दूचा अपमान नाही. उर्दूतही हे काम झाले होते. दिल्ली कॉलेजात मास्टर रामचंद्र आणि मौलवी जकाउल्ला यांनी गणित आणि विज्ञान उर्दूत आणले. सर सय्यद अहमद खान यांनी १८६४ मध्ये गाझीपूरला सायंटिफिक सोसायटी काढली, ती इंग्रजी ग्रंथ उर्दूत आणण्यासाठीच. मराठीत तर हा धागा आणखी जुना आहे. १८३२ मध्ये दर्पण काढणारे बाळशास्त्री जांभेकर कुलाबा वेधशाळेचेही काम पाहत होते. मराठी वृत्तपत्रांचा जनक वेधशाळेतही बसत होता, हे मी मुलांना सांगतो तेव्हा त्यांना खरे वाटत नाही. रुचीरामांपासून घ्यायचा धडा वेगळा आहे. आपण विज्ञान आपल्या भाषेत आणतो आणि मग ती भाषाच परकी करून टाकतो. उर्दूत ज़ियाई तालीफ म्हणा की मराठीत प्रकाशसंश्लेषण म्हणा, आठवीतल्या पोराच्या डोळ्यांसमोर पान आणि ऊन येत नसेल तर दोन्ही शब्द सारखेच इंग्रजी.

व्याख्यानांमागोमाग दुसरी अडचण पुढे आली. शाळांमध्ये विज्ञान शिकवायचे तर उपकरणे हवीत. ती विलायतेहून येत. महाग असत आणि एकदा बिघडली की कपाटात जाऊन पडत, कारण दुरुस्त करणारा कुणी नसे. (हे वाचताना माझ्या ओळखीच्या किती कपाटांची आठवण आली म्हणून सांगू!) रुचीरामांनी १८८८ मध्ये स्वतःच्या घरात एक छोटा कारखाना सुरू केला. त्यासाठी त्यांनी रेल्वेच्या कामात तयार झालेला एक मिस्त्री गाठला, अल्लाबख्श. प्राध्यापकाने उपकरण कशासाठी आहे ते सांगायचे आणि अल्लाबख्शने ते घडवायचे. लेथ फिरू लागला आणि पंजाबातल्या शाळांना लाहोरात बनलेली उपकरणे परवडेल अशा किमतीत मिळू लागली. त्याच सुमारास इकडे पुण्यात न्यायमूर्ती रानडे औद्योगिक परिषद भरवत होते आणि देशी धंदे कसे उभे राहतील यावर विचार चालला होता. लाहोरच्या एका घरात त्याचे उत्तर हातांनी तयार होत होते.

अल्लाबख्शबद्दल मला फार कुतूहल आहे. त्याने पदवी घेतलेली नसणार. पण त्याने घडवलेल्या यंत्रावर कितीतरी मुले भौतिकशास्त्र शिकली असतील. आपल्या समाजात अशा कारागिरांची परंपरा मोठी आहे. लोहार, कासार, घड्याळजी, मोटर वाइंडिंगवाले, गॅरेजवाले. आपण त्यांना "शिकला नाही बिचारा" या खात्यात टाकतो. रुचीरामांनी त्यांना विज्ञानाच्या खात्यात धरले. हा फरक लहान नाही.

रुचीरामांची स्वतः शिकण्याची भूकही शेवटपर्यंत शमली नाही. १९१४ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, ते जर्मनीत कार्ल्सरूहे येथे काझिमिर फायन्स यांच्याकडे किरणोत्सर्गाचा अभ्यास करायला गेले. आपल्याकडे पन्नाशीचा मास्तर पेन्शनचा हिशोब करत बसलेला असतो. तिकडे पहिले महायुद्ध पेटले आणि त्यांना घाईने जर्मनी सोडावी लागली. ते इंग्लंडला गेले आणि मँचेस्टरला अर्नेस्ट रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत अल्फा कणांवर काम करू लागले. त्यांचा मुलगा बिरबल तेव्हा केंब्रिजला शिकत होता. बाप आणि लेक एकाच वेळी विद्यार्थी! हेच पुढे प्रसिद्ध पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी झाले. लखनौची संस्था त्यांच्या नावाने आहे.

निवृत्तीनंतर रुचीराम घरी बसले नाहीत. जालियनवाला बागेनंतर, असहकाराच्या दिवसांत, त्यांनी सरकारने दिलेला किताब सोडला. पंजाबच्या कायदेमंडळात ते स्वराज पक्षाकडून गेले. ट्रिब्यून वृत्तपत्राच्या विश्वस्त मंडळात त्यांनी काम केले. स्वतः ब्राह्मो समाजी असूनही शिखांच्या गुरुद्वारा सुधारणा चळवळीच्या बाजूने ते उभे राहिले आणि तिचा इतिहास लिहून ठेवला. दुसऱ्याच्या धर्मस्थळाच्या न्यायासाठी म्हातारपणी लेखणी झिजवणारा माणूस आज भेटणे कठीण झाले आहे. म्हणून हे वाक्य मी मुद्दाम लिहितो.

आणि मग १९४७ आले. ज्या लाहोरात त्यांनी गल्लोगल्ली व्याख्याने दिली ते लाहोर वयाच्या चौऱ्यांशीव्या वर्षी त्यांना सोडावे लागले. ३ जून १९४८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. सिंधूकाठी जन्मलेला माणूस आपल्या समुद्रकाठी येऊन संपला, ऐन मान्सूनच्या तोंडावर. मुंबईत त्यांचे काही स्मारक आहे असे ऐकिवात नाही. फाळणीने माणसे मारली, घरे जाळली, हे आपण बोलतो. त्यांचा आणि अल्लाबख्शचा सामाईक इतिहासही तिने दोन तुकड्यांत फाडला. इकडे रुचीराम आठवले तर मिस्त्री विसरला जातो. तिकडे कॉलेज उभे आहे, पण हा प्राध्यापक किती जणांना माहीत असेल?

आता माझी गोष्ट. दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. हाताने हुशार. रेडिओ उघडायचा, पंखा जोडायचा. दहावी झाल्यावर विचारायला आला, "सर, सायन्स लूँ क्या?" मी त्याचे इंग्रजीचे गुण पाहिले आणि म्हणालो, "नको बेटा, तिथं सगळं इंग्रजीत असतं. तुला झेपणार नाही. आर्ट्स घे." त्याने माझे ऐकले. अकरावीतच शाळा सुटली. आज त्याचे मोबाइल दुरुस्तीचे छोटे दुकान आहे.

मागच्या वर्षी शाळेचा प्रोजेक्टर बंद पडला. कंपनीचा माणूस यायला महिना लागणार होता. मी प्रोजेक्टर त्याच्याकडे नेला. त्याने उघडला, चष्म्यासारखे भिंग डोळ्याला लावले आणि काम करता करता मला सांगू लागला. कुठून करंट येतो, कुठे अडतो, कुठला भाग तापून जळाला. सगळे आपल्या दखनीत, मध्ये मराठी. विजेचे एवढे स्वच्छ विवेचन मी कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही. पैसे विचारले तर म्हणाला, "स्कूल का है ना सर? रहने दो." मला त्याच्याकडे बघवेना. मी त्याला सायन्स घेऊ दिले नव्हते आणि तो माझ्या शाळेला सायन्स शिकवत होता.

त्यानंतर मी रुचीरामांवर वाचायला घेतले. आणि एक छोटे काम सुरू केले. बाटली कापून, पट्टी चिकटवून आमच्या मुलांनी पर्जन्यमापक बनवला आहे. मागच्या जूनपासून रोज सकाळी एक मुलगी पाऊस मोजते आणि परिपाठाला आकडा वाचते, एक दिवस उर्दूत, एक दिवस मराठीत. एक पालक म्हणाले, "बारिश तो अल्लाह के हाथ में है, मास्टर, नापके क्या होगा?" मी म्हटले, "पाडणं त्याच्या हातात आहे, चाचा. मोजण्यासाठी हात त्यानं आपल्याला दिलेत." ते हसले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बाटली बघायला आले.

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही एक तास ठेवला आहे. गावातला कुणीतरी येऊन आपल्या कामातले विज्ञान सांगतो, ज्या भाषेत त्याला सांगता येईल त्या भाषेत. पहिल्या शनिवारी तो मोबाइलवाला आला होता. टेबलामागे उभा राहताना त्याचे हात थरथरत होते. मी मागच्या बाकावर बसून वहीत लिहून घेत होतो.

तुमच्या गावात निवृत्त झालेले मास्तर असतील, तार-टेलिफोन खात्यातले कुणी असेल, एस.टी.च्या वर्कशॉपमधले मिस्त्री असतील. जवळच्या शाळेत जाऊन एक तास मागा. पुण्यात कधी शिमला ऑफिसच्या चौकात सिग्नलला थांबलात तर त्या तेवीस वर्षांच्या पंजाबी तरुणाचीही आठवण काढा.